पाटावर मी, कामाला तो

मी एक जुना सुरा आहे, मित्रांनो. मला मुठी दोन आहेत. त्या उघडल्या की मधलं पातं बाहेर येतं आणि मिटल्या की ते त्यांच्या पोटात लपतं. उघडताना मुठी पंखांसारख्या हलतात, म्हणून लोक मला फुलपाखरू म्हणतात. नाव ऐकून फसू नका. फुलावर बसायचं माझ्या नशिबी कधी आलं नाही. माझं सगळं आयुष्य नायलॉनचे दोर, नारळाच्या झावळ्या आणि चामड्याच्या वाद्या कापण्यात गेलं. धार लावून लावून माझं पातं आता निम्मं उरलंय. एका मुठीला तडा गेलाय. दिवेआगरच्या एका वाडीतल्या घरात मी खिडकीच्या फळीवर पडून असतो. समोर पोफळी, पलीकडे समुद्राचा आवाज. थकलोय खरा. पण एक गोष्ट तुमच्या कानावर घातल्याशिवाय कायमचं मिटून जावंसं वाटत नाही.

कीर्तनात बुवा आधी नमन करतात आणि मग विषयाला हात घालतात. मीही तसंच करतो. माझं पहिलं नमन मला घडवणाऱ्याला.

तो एक म्हातारा कारागीर होता, इथून फार दूर, फिलिपाईन्स नावाच्या बेटांच्या देशात. एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद त्याने भट्टीत लाल केलं, ठोकलं, पुन्हा लाल केलं, पुन्हा ठोकलं. मुठींना रेड्याचं शिंग बसवलं. पात्याच्या मुळाशी दोन खिळे असतात, त्यांच्यावरच दोन्ही मुठी फिरतात. ते दोन खिळे घासताना तो कोणाशी बोलत नसे. मधेच मला उघडायचा, मिटवायचा, कानाशी न्यायचा, मान हलवायचा आणि पुन्हा कानस घ्यायचा. शेवटी एकदा माझा आवाज ‘टक्’ असा एकच आला, मागे काही खुळखुळलं नाही, तेव्हा तो हसला. त्याने माझ्या पात्यावर आपली खूण ठोकली. एक छोटीशी मासळी. त्या मासळीचा अर्थ एवढाच, की ‘ह्या सुऱ्यामुळे कोणाचा घात झाला तर मला येऊन विचारा.’

त्याच्या भाच्याने मला जहाजावर नेलं. त्याच जहाजाच्या इंजीनखोलीत आपल्या बोर्लीकडचा अब्दुस्समद कामाला होता. दोघांनी बरीच वर्षं एका ताटात जेवण केलं, आणि निरोपाच्या वेळी त्या भाच्याने मला अब्दुस्समदच्या हवाली केलं. अब्दुस्समदने मला घरी आणलं आणि आपल्या शाळासोबत्यासमोर, दिनानाथपुढे, ओटीवर ठेवलं. हातात नाही दिलं. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, असं दोघांच्याही आयांनी शिकवलं होतं.

“उचल आता,” अब्दुस्समद म्हणाला. “माझ्या घरात ह्याला काय काम? तुझी वाडी हाय, पखवाज हाय. ह्याला कामाला लाव. शोभेला ठेवलास तर परत घेऊन जाईन हां.”

दिनानाथांनी मला उघडलं, मिटवलं, आणि म्हाताऱ्यासारखंच कानाशी नेलं.

“सुरात हाय,” ते म्हणाले. तेवढ्यावर मी ह्या घरचा झालो.

दिनानाथ दिवसा वाडी करायचे आणि संध्याकाळी देवळात पखवाज वाजवायचे. त्यामुळे माझ्याही दोन नोकऱ्या झाल्या. सकाळी मिरीचे वेल बांधायचे सुंभ कापायचे, केळीची वाळली पानं उतरवायची. संध्याकाळी पखवाजाच्या पिशवीत बसून देवळात जायचं. पखवाजाची वादी तुटली तर नवी वादी मी कापायची. डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात ना, घुमारा यावा म्हणून, ती कीर्तन संपल्यावर माझ्या पाठीने हळूच खरवडून काढायची. धारेने नाही, पाठीने. चामड्याला ओरखडा गेलेला दिनानाथांना खपत नसे.

खरं सांगतो मित्रांनो, ही दुसरी नोकरी माझी फार लाडकी. तुळशीरामबुवा कीर्तनाला उभे राहायचे. कपाळाला बुक्का, खांद्यावर उपरणं, हातात झांज. नमन व्हायचं, मग निरूपण, मग आख्यान. आख्यानात लढाई आली की दिनानाथांची बोटं अशी पडायची, की बायका पदर सावरून बसायच्या. आख्यानात आई लेकरावेगळी झाली की तोच पखवाज दबक्या आवाजात हुंदके द्यायचा. मी पिशवीत, अंधारात पडलेला. पण त्या वेळी वाटायचं, ह्या सगळ्यात माझाही एक वाटा आहे. वादी मी कापलीय. कणीक मी खरवडणार आहे. देवाच्या दारात एवढी सेवा पुष्कळ झाली.

मग मोठं वादळ आलं. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. सकाळी उभ्या होत्या त्या पोफळी दुपारपर्यंत एकमेकींच्या अंगावर निजल्या. पुढे कितीतरी दिवस मी नुसता कापत होतो. अडकलेले दोर, फाटलेलं प्लॅस्टिक, पत्र्याखाली गुंतलेल्या तारांवरचं रबर. तेव्हापासून माझी धार जी उतरली ती पुरती अशी चढलीच नाही. वाडीही पूर्वीसारखी झाली नाही. नव्या रोपांना वेळ लागतो आणि पोटाला वेळ नसतो. म्हणून दिनानाथांच्या मुलाने, मितेशने, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. मुंबई-पुण्याचे पाहुणे यायला लागले. घरात पुन्हा हसणं आलं.

आणि त्या हसण्याबरोबर तो आला.

झालं असं. पाहुण्यांपैकी कोणीतरी मोबाईलवर दाखवलं, की परदेशात पोरं असले सुरे हातात भिरभिर फिरवतात. मितेशला वाटलं, आपल्याकडे तर खरा आहे. त्याने मला मागितलं.

“नाय मिळायचा,” दिनानाथ म्हणाले. “तो कामाचा हाय. तमाशाचा नाय.”

“मग समदचाचाला सांगा दुसरा आणायला.”

“सांगितलंय. पुढल्या फेरीत आणतो म्हणाला. त्याच घरातला, त्याच मासळीचा. थोडा दम धर.”

दम धरायचा कोणी? आठवडा झाला नसेल, एक खोका घरी आला. मितेशने तो ओटीवर फोडला आणि आतली वस्तू माझ्या शेजारी आणून ठेवली.

मी पाहतच राहिलो. आरशात पाहावं तसा तो दिसत होता. त्याच दोन मुठी, तेच पातं, उलट माझ्याहून चकचकीत. आणि पात्यावर मासळी! माझी झिजून अर्धी झालेली, त्याची खवल्यांसकट.

“बघा बाबा. सेम टू सेम.”

दिनानाथांनी चष्मा वर केला. “मासळी पण हाय?”

“हाय तर! फर्स्ट कॉपी हाय. बनवणाऱ्याला पण फरक कळायचा नाय. आणि किती सस्तात आला, माहितीय?”

दिनानाथांनी तो उघडला, मिटवला, कानाशी नेला. ‘टक्’ नाही आलं. ‘खळ्’ आलं, आणि मागून बारीकसं ‘खुळ्’.

“आवाज बेसूर हाय रे ह्याचा.”

“बाबा, सुरा हाय तो. पेटी नाय.”

आतून सगुणावहिनी, मितेशची आई, हसत बाहेर आल्या. “तुझ्या बाबांना माझं पातेलंपण सुरात लागतं. नवी कढई घ्यायला गेलो तर दुकानदाराला म्हणतात, वाजवून दाखव!”

सगळे हसले. दिनानाथही हसले, आणि तो सुरा मितेशला परत देऊन वाडीत गेले. तिथेच सगळं संपायला हवं होतं. खोटं त्यांच्या कानाने ओळखलं होतं. पण ते त्यांनी घराबाहेर काढलं नाही. घरात हसं झालं, की माणूस खरी गोष्टही गिळून टाकतो.

रात्री आम्ही दोघे एकाच फळीवर असायचो. मला त्याचा राग नव्हता, मित्रांनो. त्याच्या खिळ्यांत जीव नव्हता. मऊ धातूचे, आतून पोकळ, भोकंही जरा तिरकी. त्याला कोणी दोनदा लाल केलं नव्हतं, कोणी कानाशी नेलं नव्हतं. साच्यातून ओतला, पॉलिश केला आणि एका म्हाताऱ्याची खूण त्याला न विचारता चिकटवली. त्या मासळीमागे उभं राहणारं माणूसच नव्हतं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

मितेश त्याला पाहुण्यांपुढे भिरभिर फिरवायचा. टाळ्या पडायच्या. मी फळीवरून ऐकायचो. दिनानाथ मला न चुकता तेल लावायचे, पण ‘जुना झालाय, जपायला हवा’ असं म्हणत मला कमी वापरायला लागले. सगुणावहिनी म्हणायच्या, “एवढ्या लांबून आलेला खरा नग हाय तो. मोडला तर कुठून आणायचा?” आदर वाढला आणि काम कमी झालं. आदराने माणूस थकतो का, मला ठाऊक नाही. मी थकलो.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीचा दिवस. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, तुम्ही पाहिलीच असेल. सगुणावहिनींनी सकाळीच ओटीवर रांगोळी काढून पाट मांडला. कोयता, कुऱ्हाड, विळी, अडकित्ता, सगळं घासून, पुसून त्यावर ठेवलं. मधोमध मला. प्रत्येकाला हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. आणि एकदा पूजेत मांडलं, की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही, हा घराचा नेम. त्या दिवशी लोखंडालाही विसावा. फक्त देवळातल्या पखवाजाला विसावा नसे. त्यालाही कुंकू लागायचं, हार पडायचा, पण संध्याकाळी कीर्तनात तो वाजायचाच.

“आई, माझा पण ठेव ना पाटावर,” मितेश आपला सुरा पुढे करत म्हणाला.

“त्या खेळण्याला कसलं कुंकू? जा, ठेव तिकडे.”

मितेशने तो झोपाळ्यावर टाकला. मी पाटावर फुलांत. तो झोपाळ्यावर उघडा. किती खुशीत होतो मी तेव्हा! आज त्या खुशीची लाज वाटते.

दुपार उतरली. घराच्या मागे पोखरण आहे, वाडीला पाणी द्यायचं छोटं तळं. त्याच्या काठाला चांदी बांधलेली होती. चांदी म्हणजे घरची गाय, गाभण, दिवस भरत आलेले. काठावरच्या शेवाळावरून तिचा पाय सरला आणि ती पाण्यात गेली. दावं नायलॉनचं. ते पोफळीला गुंडाळलं गेलं आणि तिच्या गळ्याला आवळलं. जितकी धडपडे तितका फास घट्ट. मितेशने पाहिलं आणि कपड्यांसकट पाण्यात उडी टाकली. तिचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून तो ओरडला, “बाबा! दावं कापा! लवकर! डोळे पांढरे करतेय ती!”

दिनानाथ धावत ओटीवर आले. हात थेट पाटाकडे गेला. कोयत्यावर बोटं टेकणार, तोच दारातून सगुणावहिनींचा आवाज आला.

“अहो थांबा! पूजेतलं हाय ते!”

हात थांबला. मी त्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. मला ओरडावंसं वाटलं, मला उचला, फुलं पडली तर पडू द्या. पण सुऱ्याला आवाज असतो तो फक्त उघडल्यावर.

दिनानाथांची नजर फिरली. झोपाळ्यावर तो पडला होता, चकचकीत, मोकळा, कुंकू नसलेला. त्यांनी तो उचलला आणि पळाले.

पुढचं मला पोखरणीकडून ऐकू आलं. आधी दोरावर घासण्याचा आवाज. मग ‘खळ्’. मग एक किंकाळी. गाईची नव्हे.

सगुणावहिनी दारातून धावत गेल्या आणि त्याच पावली परत आल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्या पाटासमोर थांबल्या. एक श्वासभर थांबल्या असतील. मग ओठ हलले, “आई, पोटात घाल माझं,” आणि त्यांनी मला झेंडूसकट उचललं. एक फूल माझ्या मुठींत अडकून तसंच पोखरणीपर्यंत आलं.

तिथे पोचलो तेव्हा दिनानाथ काठावर बसले होते, उजवा हात डाव्यात गच्च धरून. धोतर लाल झालं होतं. त्यांनी जोर लावून दोर ओढून कापायला घेतला होता. जोर माझ्या अंदाजाने लावला होता, इतक्या वर्षांच्या सवयीने. त्या पोकळ खिळ्याला तो सोसला नाही. खिळा तुटला, मूठ निसटली आणि पातं उलटं फिरून त्यांच्या बोटांवर मिटलं.

सगुणावहिनींनी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात चालला नसता. त्यांनी मला उघडलं, दाव्याखाली घातलं आणि ओढलं. मी जुना, झिजलेला, पण त्या दिवशी अंगात होतं नव्हतं ते सगळं धारेत आणलं. एका घावात दावं तुटलं. चांदीने घशातून मोठा आवाज काढून श्वास घेतला. मितेशने तिला ढकलत पायऱ्यांशी आणलं आणि मग त्याची नजर वर, बापाच्या हाताकडे गेली. तो पाण्यातच उभा राहिला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात शिवला. पहिली दोन बोटं वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. त्यांनी जपून जोडल्या, आणि सरळ सांगितलं, “बोटं राहतील. घास घेता येईल, पेन धरता येईल. पखवाजाचं मी वचन देत नाही.”

त्या संध्याकाळी कर्ण्यावरून कीर्तन घरापर्यंत ऐकू आलं. पखवाज नव्हता. तुळशीरामबुवा नुसत्या झांजेवर गात होते आणि लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. मी पहिल्यांदाच ते कीर्तन पिशवीबाहेरून ऐकलं. मला ते ऐकवेना.

मग बोलणी सुरू झाली. गाव म्हटलं की बोलणी आलीच. “पूजेतलं हत्यार उचललं सगुणाने, म्हणून नवऱ्याचा हात गेला.” हात आधी गेला आणि मला नंतर उचललं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बोलणाऱ्याला क्रम लागत नाही. कोणी म्हणालं, “ते फुलपाखरूच अपशकुनी. परदेशी वस्तू ती.” सगुणावहिनी ऐकत गेल्या आणि हळूहळू त्यांनाही ते खरं वाटू लागलं. त्यांनी मला एका जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या डब्यात टाकलं. त्याच डब्यात तो होता, खिळा तुटलेला. दोघांवर एकच झाकण बसलं. पात्यावर गंज चढू लागला. नकलेने केलेल्या घाताची शिक्षा अस्सलालाही होते, मित्रांनो. लोक मग मासळीचं नाव घ्यायलाच घाबरतात.

डब्यात मला बाहेरचं ऐकू यायचं. दिनानाथ सकाळी ओटीवर बसून मांडीवर बोटं आपटायचे. अंगठा, करंगळी, अनामिका वाजायची. मधल्या दोघी मुक्या. एकदा ‘धा’ म्हणून हात टाकला आणि बराच वेळ पुढचा बोल आलाच नाही. मितेश तेव्हा पाहुण्यांची चहाची भांडी विसळत होता. भांड्यांचा आवाज थांबला.

“बाबा, शिव्या तरी घाला मला.”

“कशाला? तुला आवाज ऐकू आला नव्हता. मला आला होता.”

थंडी सरता सरता अब्दुस्समद सुट्टीवर आला. ओटी चढायच्या आधीच त्याचा आवाज आला. “काय रे दिनू? मी समुद्रावर मरायला टेकतो आणि हात तू तोडून घेतोस? भाभी, चहा टाका, कडक. आणि मी आणलेला तो पाहुणा कुठे हाय, दाखवा.”

मितेशने डबा आणला. अब्दुस्समदने आम्हा दोघांना बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवलं. बोटाने त्या पोकळ खिळ्याचं भोक चाचपलं.

“या अल्ला. मासळी तर हुबेहूब काढलीय.” मग मला उघडलं. गंजामुळे मी कुरकुरलो, पण ‘टक्’ आलं. “दावं कोणी कापलं? ह्याने की त्याने?”

“ह्याने,” दिनानाथ म्हणाले. “एका घावात.”

“मग ह्याला कैद कसली रे?”

सगुणावहिनी चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या. “भावजी, पूजेतून उचलला मी त्याला.”

अब्दुस्समदने कप घेतला. “तुमच्या पूजेतलं मला काय कळणार, भाभी? ते तुमच्या बुवांना विचारा. मला लोखंडातलं कळतं.” मग तो मितेशकडे वळला. “आणि तू. चाचाची वाट बघायला तुझ्या पोटात दुखत होतं?”

मितेशने मान खाली घातली. “हा समुद्रात फेकून येतो, चाचा.”

“फेक, म्हणजे कोणाच्या जाळ्यात येईल आणि तिसऱ्याचा हात जाईल. इकडे आण.”

अंगणातल्या दगडावर बसून अब्दुस्समदने त्याच्या पात्यावरची मासळी घासायला घेतली. घासत राहिला, ती पुरती जाईपर्यंत. “आता दे भंगारात,” म्हणाला. “खोटं नाव तरी सुटलं त्याचं.” तो नकली सुरा भंगारात गेला तेव्हा माझं मन भरून आलं. वितळून तो निदान साधा खिळा होवो, पण भरीव होवो, एवढंच मी मागितलं. वहिनींचा धीर होईना, म्हणून मी मात्र पुन्हा फडक्यात गेलो.

चैत्रात तुळशीरामबुवा घरी जेवायला आले. पानं उठली, सुपारी झाली, तेव्हा सगुणावहिनींनी धीर केला.

“बुवा, एक विचारू? माझ्या हातून पाप घडलं का?”

बुवांना सगळी हकीकत ठाऊक होती. ते अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

“बाई, देवळातल्या पखवाजाला खंडेनवमीला कुंकू लागतं ना?”

“लागतं.”

“हार पडतो?”

“पडतो.”

“आणि त्याच संध्याकाळी आम्ही त्याला बडवतो. देवी एवढ्या वर्षांत कधी रागावली?”

सगुणावहिनींनी नकारार्थी मान हलवली.

“पखवाज सेवेत असतो म्हणून त्याला विटाळ नाही. गळ्याला फास लागलेल्या गाभण गाईचं दावं कापणं ही सेवा नव्हे तर काय? तुम्ही उचललंत, ती तुमची पूजा पुरी झाली.” मग त्यांचा आवाज कीर्तनातल्यासारखा खाली आला. “चुकलं ते आधी. खरं होतं ते पाटावर बसवलंत आणि खोटं कामाला धाडलंत. तुम्हीच नव्हे हो, आम्ही सगळे तेच करतो. खऱ्याला हार घालतो आणि खोट्याच्या भरवशावर दिवस काढतो.”

सगुणावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळी त्यांनी मला फडक्यातून काढलं, चिंच लावून गंज उतरवला, तेल दिलं. दिनानाथांनी मला डाव्या हाताने उघडलं आणि कानाशी नेलं. दुसऱ्या दिवशी मला कामाला लावलं.

आता हाताचं सांगतो. चमत्कार झाला नाही. आख्यानात होतात तसे चमत्कार वाडीत होत नाहीत. तेलाने चोळून, गरम पाण्यात बुडवून, रबरी चेंडू दाबून त्या दोन बोटांत थोडी जाग आली. विलंबित ठेका हाताला लागला. पण धावती लय गेली ती गेलीच. मग एक दिवस मितेश पखवाजासमोर येऊन बसला. “शिकवा,” म्हणाला. “हात जड हाय तुझा,” दिनानाथ म्हणाले. “आधी तोंडाने बोल. हात मागून येईल.” पाहुण्यांच्या खोल्यांतून आता टाळ्यांऐवजी धा-धिन ऐकू यायला लागलं. पहिले तीन महिने इतकं बेसूर, की चांदीचं वासरूदेखील कान टवकारून पळे. मी मात्र रोज नव्या वाद्या कापत होतो. अब्दुस्समदने कबूल केलेला दुसरा अस्सल सुरा एका फेरीने उशिरा का होईना आणला, पण मितेशने तो परत केला. “राहू दे, चाचा. माझे हात आता रिकामे नाय.”

पुन्हा नवरात्र आलं. पहिल्या माळेचं कीर्तन. मी पिशवीत होतो. नमनाला दिनानाथांनी हात टाकला. संथ, जड, पण सुरात. निरूपण झालं, आख्यान सुरू झालं, लय चढू लागली. तेव्हा कोणी न सांगता दिनानाथांनी पखवाज उचलून शेजारच्या मांडीवर सरकवला. एका बोलावर तो बापाच्या हातात होता, पुढच्या बोलावर लेकाच्या. बुवांनी मागे वळून पाहिलं आणि लय मुद्दाम जराशी उतरवली, नव्या हाताला झेपेल एवढी. देवळात कोणाला कळलं, कोणाला नाही. पिशवीतल्या मला कळलं.

आणि खंडेनवमी आली. सगुणावहिनींनी रांगोळी काढली, पाट मांडला. कोयता ठेवला, कुऱ्हाड, विळी, अडकित्ता. मी खिडकीत वाट पाहत होतो. त्या आल्या, मला उचललं, पाटापर्यंत नेलं आणि थांबल्या.

“आई, ह्याला नको का बसवायला?” मितेशने विचारलं.

“नको. एक तरी हत्यार मोकळं राहायला हवं घरात. आणि ते खरं हवं.” त्यांनी मला परत खिडकीच्या फळीवर ठेवलं, हाताशी. “देवी नाय रागवायची. तिला कळतं.”

मित्रांनो, तुम्हीही वस्तू घ्याल, वापराल. दिसण्यावर जाऊ नका. कानाशी न्या. जिच्यामागे घडवणारा उभा नाही, तिच्यावर आपला हात सोपवू नका. आमच्यासारख्या धारदार वस्तूंशी तर खेळूच नका. आणि घरात जे खरं असेल, वस्तू असो की माणूस, त्याला जपण्याच्या नावाखाली पाटावर बसवून ठेवू नका. त्याला तेल द्या, धार द्या आणि काम द्या. थकलेलं असलं तरी द्या.

त्या दिवशी पाटावर सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, फुलं पडली. मला काही लागलं नाही. दुपारी वहिनींनी चांदीच्या वासराच्या पायात गुंतलेला सुंभ माझ्या पात्याने कापला, पदराने मला पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

माझी पूजा झाली.